बिजवर

ईलीत जानेवारी. साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
खिडकीखालच्या पाणथळीवर धुकं बसलेलं,
आणि मी स्थळं बघतेय.

चार हजार एकशे बारा. सगळी बिजवर.
एकेकाचा पहिला संसार होऊन गेलेला:
कुणी रक्तदाबाशी नांदलेलं, कुणी नायट्याशी,
एक तर बोटीच्या मळमळीवरचं,
पन्नास वर्षांपूर्वीच काडीमोड झालेलं.
घराणं माहीत, खोडी माहीत,
यकृताला कितपत जाच करतात तेही लिहून ठेवलेलं.
समोर परजीवीचं एक प्रथिन, घड्याघड्यांचं,
पोटाशी एवढीशी खोबण.
संगणक रात्रभर एकेकाला तिच्यात बसवून बघतो,
वळवतो, पाय दुमडायला लावतो,
आणि सकाळी गुण सांगतो.

बाबा गडचिरोलीला हिवताप खात्यात होते.
सायकल, काचपट्ट्या, बोट टोचायची सुई.
तपासून झालं की दारावर गेरूनं तारीख लिहायचे.
एटापल्लीच्या अलीकडे एका दारावर
पाच तारखा होत्या त्यांच्या अक्षरात.
सहावी लिहायला गेले तेव्हा दार उघडायला कुणी नव्हतं.
एवढंच सांगायचे.

शेजारच्या डोरीन पेटिट, वय एक्याण्णव,
म्हणतात, आमच्याकडेही होता की तुझा तो ताप.
पणजी अफूच्या बोंडांचा काढा प्यायची,
दर तिसऱ्या दिवशी दातावर दात.
मग पाणी उपसलं, दलदलीची शेतं झाली, ताप गेला.
गेला कुठे, मी विचारलं.
त्या म्हणाल्या, दूध संपलंय वाटतं.

गुरुवारी पहिलं आलं ते मळमळीचं स्थळ.
छत्तीसच्या छत्तीस म्हणावेत असं.
मी उगाच उठून घासलेली भांडी पुन्हा घासली.
केंब्रिजला युअननं ते रक्ताच्या थेंबांत सोडलं.
तिसऱ्या दिवशी निरोप: परजीवी ठणठणीत.
पत्रिका जुळली, नांदणं झालं नाही.

अडतिसावं मी कुणाला दाखवणारही नव्हते.
नायट्याचं जुनं औषध, चहाच्या किमतीत मिळणारं.
गुण बेताचेच.
यादीत जागा उरली म्हणून घातलं.
त्याच्या थाळीत निम्मे मेले.

निम्मे म्हणजे काहीच नाही, युअन म्हणाला,
आणि पुन्हा करून बघायला तोच निघून गेला.

बाबांना फोन लावला. ऐकू कमी येतं आता.
किती?
निम्मे, बाबा. आणि तेही काचेत.
बराच वेळ तिकडून फक्त पंख्याची घरघर.
मग म्हणाले,
तारीख लिहून ठेव.