तीन सूत

उजवा ॲप्रन बसला.
चौदा भोकं, चौदा बोल्ट, नुसत्या बोटांनी फिरले आत.
याकूबभाई म्हणाले, लुधियानावाल्यानं काम केलंय बरं का,
आणि नाना पेठेत कुणी कुणाच्या पत्र्याचं
असं कौतुक करत नाही.

ॲप्रन म्हणजे गाडीचा आतला मडगार्ड,
चाक आणि इंजिन यांच्यामधली भिंत.
बाहेरून दिसत नाही म्हणून कुणी पुसत नाही.
छप्पनच्या फार्गोचा, मूळचा,
मी जुन्या बाजारात पाच रविवार शोधला.
मिळाला एक, त्यात कोंबडीनं अंडं घातलेलं.
शेवटी नवी जोडी मागवली,
काळा प्रायमर, कडेला स्टिकर: हुबेहूब.

डावा बसेना.
वरची रांग धरली की खालची पळते,
खालची धरली की रेडिएटरची पट्टी नाक मुरडते.
जॅक लावला, लाकडाचा ठोकळा लावला,
फरीद खांद्यानं रेटत राहिला.
याकूबभाईंनी लुधियानाला एक शिवी दिली, सौम्य.
मग पट्टी काढली.
तीन सूत.

मी म्हटलं, परत पाठवू, माल खोटा आहे.
ते काही बोलले नाहीत.
एक दोरी घेतली, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात,
मग उलटी,
गाडीच्या पोटावर फुली काढावी तशी.
दोन्ही खेपेला गाठ मारली.
गाठी एकमेकींपासून लांब.
"माल सरळ आहे. गाडी वाकडी आहे."

तात्यांनी चौतीस वर्षं या गाडीतून बर्फ वाहिला,
भुशात, गोणपाटात,
मागं खारट पाण्याची रेघ सोडत.
लग्नाकार्यात, कुणी विचारो न विचारो, सांगायचे:
फार्गोला आजवर खरचटलंसुद्धा नाही.

ग्राइंडर फिरला चेसिसच्या डाव्या खांद्यावर.
काळ्याखाली तांबडा, तांबड्याखाली राखाडी,
आणि त्याखाली बोटभर पिवळी रेघ.
पितळेची शिलाई, गॅसवर घातलेली.
घाईत घातलीये, म्हणाले याकूबभाई,
पण हात चांगला होता.

संध्याकाळी वडकीला फोन लावला, सोपान कुंजीरांना.
तात्यांचे क्लीनर. आता त्यांना कमी ऐकू येतं,
म्हणून भर रस्त्यात उभी राहून ओरडले:
सोपानकाका, गाडी कुठं ठोकली होती?
मागं पाण्याचा टँकर हॉर्न देत होता.
खूप वेळानं आवाज आला,
"डावीकडं ना?"

दिवे घाट, रात्रीचे दोन.
"तुझा बाप माझ्या जागेवर झोपलेला.
मीच म्हटलं, आज मी घेतो.
लायसन कुठलं, मिशी पण नव्हती.
कठड्यावर गेली. बर्फ सगळा घाटात.
त्यानं उतरून बघितलं, बॅटरी मारून, लई वेळ.
मग म्हणाला,
सोप्या, काय झालं नाही."

सकाळी याकूबभाईंनी दोन बोटं पुढं केली.
एक: चेसिस भोसरीला न्यायची,
साखळ्या लावून ओढतील, तीन दिवसांत एकदम सरळ.
दोन: भोकं लांबवायची.

मी गोल कानस मागितली.
पत्रा नवा, चिवट; पाच भोकांना दुपार गेली,
अंगठ्याला फोड आला,
चहात लोखंडाचा भुगा पडला आणि मी तो प्यायले.
फरीद विचारत होता, ताई, स्टिकर काढू का?
राहू दे म्हटलं.

शेवटचा बोल्ट जाताना कुरकुरला. जाड वॉशर घातला.
बॉनेट मिटल्यावर डावीकडं फट राहते,
करंगळी जाईल एवढी.

सोपानकाका रविवारी येणार आहेत बघायला.
फोनवर एवढंच विचारलं,
क्लीनरच्या बाजूचं दार
अजून उचलूनच लावावं लागतं ना?