कुटुंब क्रमांक एकोणतीस

मे महिना. पारा सेहेचाळीसला टेकलेला.
फुटाळ्याच्या मागे, टिनाच्या खोलीत
कुलरचा वाळा भिजवून घेते
आणि मासे निजवते प्लेटवर.
भुलीच्या पाण्यातून काढलेली एकेक बोटुकली.
बोटाएवढी म्हणून बोटुकली,
त्याआधी जिरं होती, जिऱ्याएवढी.
आमच्या खात्याची अर्धी भाषा
स्वयंपाकघरातून आलीय.

'श्वास रोखा' म्हणावं लागत नाही.
बटण दाबते.

रोहूचा कणा पडद्यावर येतो,
बारीक माळ, मधेच गाठ पडलेली.
सतरावा आणि अठरावा मणका एकात एक शिरलेले,
पुढे शेपटीकडे छोटीशी कमान.
वहीत लिहिते: वाक, दुसरी श्रेणी.
कुटुंब एकोणतीस.
पुन्हा एकोणतीस.
चहा गार होतो. पुन्हा एकोणतीस.

लटारू दुधपचारे दाराशी उकिडवा बसलाय,
पाटीत बर्फ, खांद्यावर ओला बारदाना.
"सुईनंच केलं बाप्पा हे," तो म्हणतो,
"पोटात तेल टोचलं तुमी, पाठ नाही वाकन त काय होईन?"

त्याचं अगदीच खोटं नाही.
थोरल्या भावंडांची पोटं दिवाळीनंतर चिरली होती आम्ही.
आतडी पडद्याला धरून बसलेली,
पावसात भिजून वाळलेल्या वहीची पानं जशी.
शून्य ते सहा असे गुण द्यायचे.
दोन म्हणजे बोटाने सुटतं,
पाचाला सुरी लागते.
पण तीच लस, तोच हात, तीच सकाळ,
आणि कुटुंब अकराची पोटं आतून धुतल्या ताटासारखी.

डॉक्टर खापेकर नॉर्वेला जाऊन आलेत.
तिकडे थंड खाडीत सॅमन माशांच्या पिढ्यान्‌पिढ्या
अशाच मोजतात म्हणे,
बापाचा नंबर, आईचा नंबर, पाठ, पोट.
सांगतात, सुईचा त्रास सोसण्याची ताकदही रक्तातून येते,
आणि पाठीचा वाक वेगळ्याच वाटेने येतो,
दोघांची फारशी ओळख नाही.
मी मान डोलावते.
टिनावर कावळ्याची नखं वाजतात.

एकोणतीसचा बाप नर मला माहीत आहे.
तीन किलोचा, तांबूस कल्ल्यांचा,
सगळ्यांत आधी वाढलेला.
लटारूनेच त्याला बारदान्यात गुंडाळून
छातीशी धरून आणला होता हौदापर्यंत.
त्याची स्वतःची पाठ सरळ होती.
पुढच्या रकान्यात मला लिहायचंय: वगळावा.

"माहा बाप असाच वाकला होता,"
लटारू बर्फ फोडत बोलतो,
"जाळं वढू वढू."

मी समजावते, हसून, शिकवल्यासारखं:
कामाने वाकलेली पाठ पोरात उतरत नाही,
बियात असेल तेच उतरतं.

तो थोडा वेळ गप्प.
बर्फाचा एक तुकडा सटकून माझ्या चपलेशी येतो.
"मंग माह्या पोट्ट्याची काहून वाकली जी?
कळमन्यात संत्र्याच्या पेट्या उचलते थो.
बावीस वर्साचा हाय."

वहीत रकाने आहेत:
नर, मादी, हौद, पाण्याचं तापमान,
टोचल्याची तारीख, टोचणाऱ्याची सही.

मी पेन्सिलीला टोक काढत बसते.
टोक चांगलं आहे, तरी काढते.

भूल उतरते तशा बोटुकल्या टबात हलायला लागतात.
वाकलेली आधी तिरकी जाते, कडेला आपटते,
मग शेपटीने काहीतरी हिशोब करते आपल्यापुरता
आणि चालू लागते सरळ,
वरून बघणाऱ्याला कळूही नये इतकी सरळ.

लटारू पाटी उचलून उभा राहतो.
उभं राहायला त्याला दोनदा जोर करावा लागतो.

मी पुढची बोटुकली उचलते.