चुनखडी

शेफील्डहून बस निघाली तेव्हा वरच्या मजल्यावर
मी आणि कुणाची तरी विसरलेली ओली छत्री.
प्रबंधाचं तिसरं प्रकरण परत आलंय, लाल शेऱ्यांसकट;
तेही पाठपिशवीत. उगाच आणलं.

कॅसलटनला टेकडीच्या पोटात शिरलो.
हेल्मेट कपाळावर घसरत होतं.
वाट दाखवणारी डोरीन, सत्तरीची, म्हणाली,
हा भाग कुणी खोदला नाही.
पाणी येतं, थोडं थांबतं, जातं.
बोटभर वाढायला हजारेक वर्षं.

बाबा पाथरवट.
आठवडी बाजारात पाट्यांना टाकी लावायचे.
मग घरोघर मिक्सर आले.
आमचा दगड काळा, हट्टी,
कितीही भिजवा, विरघळायचं नाव नाही.
टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही,
हे बाबा कधी म्हणाले नाहीत.
ते पाहुणे म्हणायचे, शाळेच्या भाषणात.
बाबा म्हणायचे, डोळे मीट, कपची उडते.

डोरीननं दिवा मालवला.
स्वतःचा हात दिसेना.
मी डोळे मिटले, सवयीनं.
टप्.
बऱ्याच वेळानं
टप्.
घाव म्हणावा एवढंही नाही ते.

परतीच्या बसमध्ये प्रकरण उघडलं नाही.
बाहीवरचा थेंब वाळून
पांढरट डाग उरला होता, नखाएवढा.
तंबाखू मळून झाली की
बाबांच्या अंगठ्यावर असायचा, तसाच.

तिकडे रात्रीचे साडेनऊ. जागे असतील.
बांफर्ड येईपर्यंत रेंज नव्हती.
मग आली.