फळ्यावरचे लाजर मास्तर

हिद्दच्या प्लांटवर, मेसच्या दाराशी
एक पांढरा फळा आहे.
वरच्या अर्ध्यात भाजी कोणती, चिकन कुठल्या वारी.
खालचा अर्धा माझा.
फोरमनने दिला, हसत :
'पगारे, पगार तर वाढत नाही, निदान फळा घे.'

रात्रपाळी सुटली की रोज तिथे
लाजर मास्तर भांबळांचं एक वाक्य लिहितो,
खाली बारक्या अक्षरात एक माहिती.
पुस्तक आईने बॅगेत कोंबलं होतं, लोणच्याच्या बरणीला टेकून.
पहिली सोळा पानं तेलकट झाली,
तीच मला तोंडपाठ.

'मीठ कमी लागलं तर आधी जिभेला विचारावं,
मग सुनेला.'
माहिती : मास्तर डावखुरे. शाळेत डावा हात बांधून ठेवायचे,
म्हणून अक्षर दोन्ही बाजूंना कलतं.

'क्षमा केलीत ना? मग ती वहीत कशाला मांडता?'
माहिती : पुस्तकाचे सगळे मिळून अकरा रुपये आले.
त्यात शेळी घेतली. नाव ठेवलं मार्था,
कारण बसलेली कधी दिसायची नाही.

रहमत ड्रायव्हर पेशावरकडचा.
वाक्यं त्याला लांबची वाटतात, शेळी लगेच कळली.
मी हिंदीत सांगतो, वर्गीस त्याचं मल्याळम करतो,
आणि शेवगावच्या पुढे फारसे न गेलेले मास्तर
डाळीच्या रांगेत तीन भाषांतून पुढे सरकतात.

एक माहिती मी राखून ठेवली होती.
पेत्र पाण्यावरून चालतो, त्यावर मास्तरांची चौदा पानं,
त्यातली नऊ नुसत्या बुडण्यावर.
नाव कशी कण्हते, लाट पायाखालून कशी निसटते,
आणि शेवटी :
'मी समुद्र पाहिलेला नाही.
आमच्याकडे ओढा आहे, तोही चैतापर्यंत.'

ते लिहिलं त्या रात्री
इनटेकच्या जाळीत जेलीफिश अडकले होते,
घमेली भरभरून उपसले.
आम्ही इथे समुद्रातलं मीठ काढतो,
पाणी पिण्याजोगं करतो,
नळ सोडला की कुणाला आठवत नाही कुठलं ते.

शुक्रवारी मनाम्याच्या मंडळीत हे बोललो.
उपासनेनंतर चहाचा कप तसाच हातात धरून
शिरसाठ सिस्टर म्हणाल्या,
'त्यांची धाकटी आहे की जालन्याला. एस्तेरबाई. नंबर देते.'

एस्तेरबाईंना ऐकू कमी येतं.
कँपच्या गच्चीवरून मी ओरडून विचारलं.
'पाह्यला की! एकदा.
आमचा थोरला, दाविद, तेल कंपनीत लागला,
मुंबईच्या गोदीतून बोटीनं गेला, बहरीनला.
बाबा पोचवायला गेलेले.
आले ते बूट न काढता ओट्यावरच बसले.
आई म्हणली, कसा असतो हो समुद्र?
म्हणले, मी नाही पाह्यला.'

मग बराच वेळ खरखर.
'दोन पत्रं आली त्याची. तिसरं नाही.
तुम्ही कुठं असता म्हणालात?'

मी सांगितलं.
त्यांना ऐकू आलं की नाही, ठाऊक नाही.
म्हणाल्या, 'जेवत जा वेळेवर.'

पहाटे फळ्यासमोर उभा राहिलो.
ते वाक्य अजून होतं, मार्कर जुना, पुसट पुसट,
डस्टर फिरवला तरी 'समुद्र' तेवढा जाईना.
माहिती चुकली तर दुरुस्त करतो मी.
एकदा जन्मसालही केलं होतं,
लाल शाईने, सगळ्यांदेखत.

मागे रांग लागली. कुणाच्या तरी ताटलीवर चमचा वाजला.
मी लिहिलं :
मार्था शेळी रोज दीड शेर दूध द्यायची.

रहमत वाकून बघत राहिला. त्याला वाचून दाखवलं.
'दीड?' तो म्हणाला,
'एवढ्या धावपळीत?'