घाटात अपडेट

रात्री अपडेट झालं.
सकाळी मांजरसुंब्याच्या घाटात
गाडी मागून बसली, दावणीतली म्हैस बसते तशी,
आणि उठेचना.
पडद्यावर पिवळा दिवा, खाली एक आकडा
ज्याचा अर्थ फक्त पुण्याला कळतो.

नेकनूरहून खाजामियाँ आला, खिशात चौदाचा पाना.
वाकून शोधत राहिला,
"कामून हो, हिला पिळायला काहीच नाही?"
नाही.
मग सीटवर तळहात ठेवून दाबलं त्यानं,
दोनदा, कान देऊन.
"शॉकप धडधाकट हाय.
रस्ता आलाय, एवढंच कुणी सांगंना त्याला."

पैसे नको म्हणाला.
पाना माझ्या हाती देऊन चहा प्याला.
पुढचे खड्डे
मीच मोजले, मणक्यांनी.
बीडला पोचलो तेव्हा
त्याचा पाना माझ्या खिशात.