नावं ठेवणं

जांभळी नाक्यावर माझं पाट्यांचं दुकान.
पितळेचा कीस चपलेला चिकटून घरापर्यंत येतो.
आडनावं मी वाचत नाही, मोजतो.
अक्षराला चाळीस रुपये, काना-मात्रा फुकट.

परवा उथळसरचा बस्त्याव लोबो आला.
बैठं घर पाडून टॉवर झालाय, अकराव्या मजल्याला पाटी हवी.
तरुणपणी पाद्री व्हायला निघालेला, अर्ध्यातून परतला,
अंगाला थोडी लॅटिन राहिली, मोडलेल्या लग्नातल्या हळदीसारखी.
म्हणाला, लोबो म्हणजे काय ठाऊक आहे? लुपुस. लांडगा.
मी मशीन थांबवलं.
गल्ल्यामागच्या परवान्याकडं बोट केलं:
दौलत सखाराम लांडगे.

मग चहा मागवला, कळपापुरता.

तिकडेही असंच, म्हणाला.
टकला दिसला, काल्वुस. जाडा, क्रासुस.
नाकाड्या, फेंगडा,
कुणीतरी चारचौघांत हाक मारली, लोक हसले.
हसणारे मेले, ज्याला हसले तोही मेला,
हाक तेवढी नातवंडांच्या दारावर.
मी म्हटलं, आमच्यात वाकडे आहेत, बोबडे आहेत,
डोईफोडे तर सकाळीच पाटी घेऊन गेले,
बिचारे डोळ्यांचे डॉक्टर.
आपल्या भाषेत बघ,
नाव ठेवतात बारशाला,
आणि नावं ठेवतात ती पाठीमागे.

आणि त... त... तोतऱ्याला?
त्यानं कपात बघत सांगितलं, बाल्बुस.

कोपरीच्या शाळेत मला अडक्या म्हणायचे.
हजारेक वर्षं आधी जन्मलो असतो
तर पोरगी माझी कॉलेजात अडके लावून हिंडली असती.
बाल्बुसच्या घरातही एखादी घडाघडा बोलणारी निघाली असेल,
आणि कुणी नाव विचारलं की
पणज्याची जीभ तिच्या तोंडात.

येऊरला बिबटे आहेत. लांडगा
मी पाहिलेला नाही, बापानं नाही, लोबोनं तर नाहीच.
पहिल्यानं असं काय केलं होतं?
दुष्काळात कुणाच्या पंगतीला जाऊन
ताटावर तुटून पडला असेल,
आणि भरल्या पोटाचं कुणी शेजारी बसलेलं असेल.

लोबोची पाटी झाली. दोन अक्षरं, ऐंशी रुपये.
'ब'च्या पोटात कीस अडकला होता,
फुंकरीनं निघेना.
दात कोरायच्या काडीनं काढला.