सांकेतिक ताबा

मोजणीवाला अकराला येणार होता, साडेदहालाच आला.
म्हणाला, मी जैमिन.
मी ऐकलं, जामीन.
म्हटलं, ते तर आम्ही.
तो हसला नाही. बूट काढले त्याने दाराबाहेर,
नीट जोडून ठेवले, नोटिशीच्या बरोबर खाली.

नोटीस अठरा दिवस दाराला आहे.
बँकेच्या शिपायाने खळ सढळ हाताने लावली होती;
कोपरा सोलायला जावं तर रंगाचा पापुद्रा येतो.
तिच्यात लिहिलंय, घराचा सांकेतिक ताबा घेतला आहे.
म्हणजे मी इथंच राहते,
वरण इथंच शिजतं, कपडे गच्चीवरच वाळतात,
पण संकेताने हे सगळं
रावपुऱ्याच्या शाखेत जमा आहे.

"बेन, जरा छेडो पकडजो ने."
मी टेपचं टोक धरलं.

हॉल, सोळा फूट चार इंच.
इथंच ह्यांनी सांगितलं होतं, मकरपुऱ्यात शेड मिळतेय,
गॅस्केटं कापायची, अर्धे वामनभावजी, अर्धे आपण.
कंपनीच्या नावाचे पेढे वाटले होते, बारशासारखे.
मग एक दिवस बँकेत बोलावलं.
चहा आला, फाईल आली,
चौदा पानांवर पेन्सिलीने बारीक फुल्या.
"फुली असेल तिथं सही, मॅडम. फॉर्मालिटी."
तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं.
फुली म्हणजे चूक,
हे निदान मला तरी
कळायला हवं होतं.

स्वयंपाकघर, नऊ बाय आठ.
ओटा धरून? धरून.

कंपनी अहमदाबादला कोर्टात गेली.
तिथं रुपयाचे सतरा पैसे देऊन कुणीतरी ती घेतली,
बँकेने सतरा मोजून घेतले,
आणि शेडवर नवी पाटी लागली.
भावजी म्हणाले, सुटलो.
वकील म्हणाले, सुटली ती कंपनी.
कायद्याने ती वेगळी व्यक्ती.
वेगळीच म्हणायची.
तिला कधी ताप आला नाही,
दिवाळीला कधी पाया पडायला आली नाही,
आणि तिचे उरलेले त्र्याऐंशी पैसे
आमच्या उंबऱ्यात आणून सोडले.
भावजी आता हैदराबादला, मुलाकडे.
फोन उचलतात. बोलत नाहीत.

आतल्या खोलीत हे आरामखुर्चीत होते,
कालचाच पेपर, परवाच्याच घडीवर.
त्या पेपरात आमचं नाव आहे, दोन भाषांत,
तिसऱ्या, म्हणजे आमच्या भाषेत नाही,
एवढंच बरं.
जैमिन दारात थबकला. मी म्हटलं, ये.
टेप त्यांच्या खुर्चीखालून सरकली तेव्हा
लादी पुसताना उचलावेत
तसे त्यांनी पाय उचलले,
आणि पेपरातून मान वर केली नाही.

बारा बाय दहा, तो म्हणाला.
म्हटलं, नाही. कपाटामागे कोनाडा आहे, फूटभर.
त्याने बघितलं. होता.
आकडे चुकलेले मला बघवत नाहीत,
विकणारा कोणी का असेना.

बांधकाम कधीचं? चौऱ्याण्णव.
त्याने वहीत लिहिलं, घसारा.
पाणी मागितलं, दोन पेले प्यायला,
पोरगाच तो, पाठीवर कॉलेजची सॅक,
मांजलपुरात माझ्या वर्गातली निम्मी पोरं
याच्याच वयाच्या पोरांचे बाप असतील.
"छोडी दो, बेन."
टोक अजून माझ्याच हातात होतं.
सोडलं.
खोल्याखोल्यांतून फरफटत, खणखणत
सगळं घर त्या डबीत शिरलं.

मग एक कागद पुढे केला:
मोजणीच्या वेळी हजर होते, एवढंच.
यावर फुली नव्हती. कुठेही करा, म्हणाला.
मी चष्मा पुसला, वाचला.
उलटून मागची बाजू पाहिली, कोरी.
पुन्हा वाचला.
तो घड्याळाकडे, मग बुटांकडे बघत राहिला.
मी खुर्ची ओढून घेतली,
आणि पहिल्या ओळीपासून
परत सुरुवात केली.